नव्या उपग्रहावरची हाक

त्या अमेरिकन यानाचा मला मनापासून राग यायचा. उपग्रह वर नेऊन सोडायचा, विमानासारखं खाली उतरायचं आणि पुन्हा उडायला तयार! आणि मी? पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आई कोकणात पोटातल्या गाठीनं अंथरुणाला खिळलेली, आणि रजा मागितली की एकच उत्तर: "नवा उपग्रह सुरू होऊ दे, मग जा."

बहारीनहून परदेशी फोन जिथून जायचे, त्या अर्थ स्टेशनवर मी अँटेनाचा मेकॅनिक होतो. यानाचं उड्डाण पुढे ढकललं की माझी रजाही पुढे जायची. आज हवा खराब, उद्या कुठेतरी गळती. नईम भागातल्या आमच्या खोलीतले सोबती चेष्टा करायचे, "तुझं तिकीट अमेरिकेतून सुटणार रे!" मी त्यांच्याबरोबर हसायचो आणि मोरीत जाऊन रडायचो.

अखेर यान गेलं, उपग्रह सोडून परतलंसुद्धा. तर साहेब म्हणाला, आता टेस्टिंग. भावाच्या तारांवर तारा येत होत्या. मी शिफ्ट इनचार्जचे पाय धरले. लखनौचा माणूस, मनानं वाईट नव्हता. म्हणाला, "एक टेस्ट कॉल तेरे गाँव लगा देता हूँ. माँ की आवाज़ सुन ले."

भावानं आईला पाठुंगळी घेऊन गावच्या पोस्टात आणलं. आमच्याकडे दुपार, तिकडे तिन्हीसांज. लाइन लागली. "बोल, आयेच्या कानाक लावलंय," भाऊ म्हणाला.

"आई!" मी ओरडलो.

पलीकडे शांतता. मला लगेच कळलं. तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आमच्या गावात पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात. भूत तीनदा हाक मारत नाही, म्हणून तिसरीची वाट पाहायची. त्यात मुलगा समुद्रापलीकडे आणि आवाज काळ्या डबड्यातून. मी दुसरी हाक मारली. इनचार्जचा हात बटणावर गेला.

"लाइन गई. खलास."

"नहीं साब, और एक बार! वो सुन रही है!"

"यल्ला, चलो, अगला कॉल."

त्यानं बटण दाबलं. मुक्या रिसीव्हरमध्ये मी तिसऱ्यांदा ओरडलो.

रजा मिळून घरी पोचलो तेव्हा आईचं दिवसकार्यही उरकलं होतं. भावानं सांगितलं, त्या संध्याकाळी तो फोन काढून घ्यायला लागला तर आईनं त्याचा हात झटकला. म्हणाली, "गप रव. त्येचोच आवाज हा. आणखी एकदा हाक मारूंदे, मगे ओ देतंय."