जगानं पाहिलेलं माझं कोपर

चहाचे कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. माणूस स्वतःच्या हातानं स्वतःला कसं अडकवतो, ते सांगतो.

त्या दिवशी मी आजारी होतो. म्हणजे ऑफिसच्या लेखी! तापाचा अर्ज टाकला होता आणि बायको सुनीताबरोबर दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटर बघत फिरत होतो. तिथं एका परदेशी चॅनलची बाई कॅमेरा लावून उभी. आपल्या देशाच्या सर्वोच्च नेत्यांबद्दल, म्हणजे मोठ्या साहेबांबद्दल, लोकांना काय वाटतं, ते विचारत होती. लोक लाजून पळत होते. मी पळालो का? छे, मी केस सारखे केले.

चांगली दहा मिनिटं बोललो. साहेबांची भाषणं, परदेशदौरे, काही सोडलं नाही. थोडं कौतुक केलं, थोडे कानही उपटले. सुनीता मागून शर्ट ओढत होती. मला वाटलं, अभिमानानं ओढतेय.

घरी येऊन अख्ख्या नागपूरला फोन केले. शनिवारी सकाळी कार्यक्रम आहे, चुकवू नका. सगळे फोन होईपर्यंत सुनीता थांबली आणि मग म्हणाली, "अहो, सरकारी माणसाला परवानगीशिवाय चॅनलशी बोलता येतं का? आणि तुम्हाला तर ताप होता ना?"

यार, मग मात्र खरंच ताप भरला! माझ्या प्रमोशनची फाईल नेमकी तेव्हाच वर गेलेली. सात वर्षं वाट बघितली होती हो मी.

बराच विचार करून ठरवलं, कुणी पकडायच्या आत आपणच कबूल करावं. शुक्रवारी दीड पानी खुलासा टाइप केला. बाजार, वेळ, नसलेला ताप, साहेबांबद्दल काय काय बोललो, सगळं त्यात घातलं. आमच्या अवर सचिव मॅडम मीटिंगला गेल्या होत्या, म्हणून ऑफिसच्या आवक टपालात देऊन आलो.

शनिवारी टीव्हीपुढे बसलो. साहेब दिसले, त्यांचं विमान दिसलं, दोन गोरे प्रोफेसर भरपूर बोलले. मग आलं आपलं सरोजिनी नगर! चार सेकंद. कपड्यांचा ढीग, गर्दी आणि कडेला एक कोपर.

"तुमचंच आहे," सुनीता म्हणाली. "बाहीला ठिगळ मीच लावलंय."

नागपूरहून मावशीचा फोन आला, तू कधी येणार रे टीव्हीवर?

सोमवारी धापा टाकत मॅडमकडे गेलो. म्हटलं, माझा कागद तेवढा परत द्या.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मेश्रामजी, डायरी नंबर लग चुका है. अब तो ऊपर जाएगा."

गेला ना! प्रत्येक टेबलावर थांबत, सही घेत, आरामात वर गेला. प्रमोशनची फाईल तेवढ्याच आरामात खाली आली.

त्या चॅनलनं माझं एकही वाक्य घेतलं नाही. पण आमच्या ऑफिसात माझी मुलाखत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांनी वाचली, आणि तीही मीच टाइप केलेली.