बिभीषणकाकांची खळ

सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात बिभीषणकाका शिपाई म्हणून लागले आणि बाइंडर होऊन बसले. गाव मंद्रूप, शिक्षण आठवी. पुस्तकं बांधायची विद्या त्यांनी सिद्धप्पा नावाच्या म्हाताऱ्या बाइंडरकडून घेतली. चिंचोक्याचं पीठ शिजवून खळ करायची, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचा आणि घाई करायची नाही. पगार शेवटपर्यंत शिपायाचाच राहिला. त्याबद्दल कुरकुर करायलाही सवड लागते, आणि हा माणूस कायम कुठल्या तरी पुस्तकाच्या शिवणीत गुंतलेला.

चौतीस वर्षांपूर्वी माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांना दोनशे अकरा चित्रं सापडली. शंभर वर्षांमागे सोलापुरातून निघणाऱ्या एका साप्ताहिकाची व्यंगचित्रं, काळ्या शाईत हातानं काढलेली, अस्सल. एकात गोरा साहेब नळाखाली हंडा धरून बसलाय आणि नळातून पाण्याऐवजी अर्ज गळताहेत. कागद मात्र हात लावला की मोडत होते. समितीतले शहाणे म्हणाले, रद्दीत घाला. काकांनी रोज दुपारचा डबा घाईघाईने उरकून जुन्या धोतराच्या फडक्यावर एकेक चित्र खळीनं चिकटवलं. दीड वर्ष लागलं. चित्रं आज शाबूत आहेत ती या एका माणसामुळे, हे ठणकावून सांगायलाच हवं.

यंदा या चित्रांचं प्रदर्शन ठरलं. जुन्या कागदपत्रांचं काम पाहणाऱ्या ऋतुजाने चित्रांखाली लावायच्या चिठ्ठ्या तयार केल्या. चित्रकार म्हणून साप्ताहिकाच्या संपादकाचं नाव घातलं, कारण साऱ्या गावाचा समज तोच. उद्घाटनाला काकांचा सत्कारही होता. चिठ्ठी वाचली आणि काकांना चित्रांच्या पाठी आठवल्या. चिकटवताना प्रत्येक कागदाच्या पाठीवर त्यांना पेन्सिलीची कन्नड अक्षरं दिसली होती. काका कन्नड झकास बोलतात, वाचता येत नाही. छापखान्याची खूणबीण असेल म्हणून त्यांनी त्यावर खुशाल खळ फासली होती. संपादक तर कन्नडचं अक्षर लिहीत नसत, हेही गावाला ठाऊक.

गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी ते ऋतुजासमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, मागं कायतरी लिवल्यालं हाय. नाव असंल. म्याच झाकलं."

"काका, आता कापड काढताना चित्र फाटलं तर?"

"फाटलं तर दोष माजा. पर खळ चिंचोक्याची हाय, पाण्याचं ऐकती."

ऋतुजाने एकाच चित्राची परवानगी दिली. काकांनी आपलं सगळ्यात लाडकं, नळाचं चित्र घेतलं. नावडतं पुढे करणं त्यांना लबाडी वाटली. चित्र उपडं ठेवून त्यावर ओलं फडकं पसरलं, अर्धा तास हातावर हात ठेवून बसले, मग बोथट सुरीनं कोपरा उचलला. धोतराचं कापड हळूहळू सुटत गेलं. कागद टिकला, अक्षरंही टिकली.

रोज पेपर वाचायला येणारे चन्नवीर मास्तर अक्कलकोटचे, कन्नड वाचणारे. त्यांना बोलावलं. चष्मा पुसून त्यांनी वाचलं, "चित्र गुंडाचं. दिवसभराचे खिळे जुळवून झाल्यावर काढलं."

म्हणजे हा गुंडा छापखान्यात शिशाचे खिळे, अर्थात अक्षरं, जुळवणारा साधा कामगार.

"शंभर वर्सं ह्याचं नाव कुणी घेतलं न्हाय," काका म्हणाले, "त्यातली चौतीस माज्यामुळं."

ऋतुजाने संपादकाचं नाव खोडलं आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर गुंडाचं लिहायला घेतलं. काकांनी तिचा हात थांबवला.

"दमा जरा. अजून दोनशे धा हायत. समदी त्याचीच हायत, कशावरनं? एकाचं नाव झाकलं तेवढं बास झालं की, आता दुसऱ्याचं नगं."

प्रदर्शन लांबणीवर पडलं. काकांनी दुसरं चित्र उपडं ठेवलं.