बोट आली आणि मामाला झाकलं

गेल्या मंगळवारी, सकाळी सात वाजता, कोकणातल्या एका शांत किनाऱ्यावर माझ्या मामाला हिरव्या कापडामागं झाकण्यात आलं. जिवंत माणसाला! सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या सहा फुटी माणसाला!

पाहुण्यांचा माझ्या मामाइतका छळ सातारा-सांगलीकडचा दुसरा कुणी करत नसेल. निवृत्तीनंतर सगळे ऊस लावतात. हा तासगाव सोडून समुद्राकाठी गेला आणि धक्क्याजवळ भाकरीचा गाडा टाकून बसला. समोर कुणीही येवो, आधी त्याच्या तळहातावर तासगावचे मूठभर बेदाणे. "आदी तोंड हलवा, मग बोला." नोटीस द्यायला आलेला साहेब बेदाणे चघळत नोटीस खिशात घेऊनच परत गेला होता. पुण्याच्या एका जोडप्यानं अर्धी भाकरी मागितली, तर मामा म्हणाला, "अर्धी आजाऱ्याला देत्यात. आजारी हाय का तुमी?" बिचाऱ्यांनी तीन खाल्ल्या.

तर अशा माणसाला कळलं की परदेशी प्रवाशांची मोठी बोट गावात अर्धा दिवस थांबणार. आमच्याकडं जत्रेला अनोळखी माणूसही जेवल्याशिवाय जात नाही. मामानं तोच हिशेब लावला आणि पहाटेपासून आख्ख्या मसूरची पातेली चढवली. मी सुट्टीला त्याच्याकडंच होते. म्हटलं, "मामा, पैसे किती घेणार?"

"पाव्हणं पयल्यांदा आल्यात. पयल्या जेवणाचं पैसं घेत्यात व्हय गं?"

सात वाजता नगरपंचायतीचे अधिकारी आले. किनारा देखणा दिसला पाहिजे म्हणे! सगळे गाडे मासळीच्या शेडमागं ढकलले, पुढं कापड ताणलं. प्रवासी उतरले, बोटीवरूनच मिळालेले जेवणाचे डबे घेऊन बसमध्ये चढू लागले. माझं डोकं फिरलं. "कापड फाडते मी!"

"गप गं. पाव्हण्यांम्होरं भांडायचं न्हाई."

एवढं बोलून त्यानं कापडाच्या फटीतून हात बाहेर काढला. मुठीत बेदाणे. एक म्हातारी गोरी बाई थबकली, तिनं एकेक दाणा उचलून खाल्ला आणि तो हात दोन्ही हातांत धरला. तेवढ्यात शिट्टी वाजली, रखवालदारानं तिला बसकडं नेलं. कापडामागचा माणूस तिला शेवटपर्यंत दिसला नाही.

बोट गेली, कापड मात्र तसंच आहे. पुढची बोटही येणार, म्हणून गाडे परत लावायचेच नाहीत, असा तोंडी हुकूम. लेखी मागितलं तर साहेब जेवायला गेलेले! मामा आता घराच्या पायरीवर बसतो. कुणाची चाहूल लागली की मान वर करतो. पण घरासमोरच्या बोळात मांजराशिवाय फारसं कुणी येत नाही. मसूर तो अजूनही जरा जास्तच शिजवतो.

सांगलीकरांनो, दर सुट्टीत गाड्या भरभरून त्याच किनाऱ्यावर जाता ना? यंदा पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या नगरपंचायतीत जा आणि टेबलासमोर उभं राहून विचारा, "आमच्या सुभेदारांची जागा कधी देताय?" उत्तर लेखी मिळेपर्यंत हलू नका.