पाचवा माणूस

"पाच झाले. जमावबंदी आहे. एकानं बाहेर व्हा."

प्रशासक साहेब मान वर न करता बोलले. बुद्धवाड्यातले आम्ही पाच जण पंचायतीत पाणी मागायला गेलो होतो. शेजारच्या खुर्च्यांवर माजी सरपंच आणि त्यांची सात-आठ माणसं चहा पीत होती. त्यांना कुणी मोजलं नाही.

माजी सरपंच हसले. "घटना तर पाठ असते तुमची. पाचपर्यंत मोजता येत न्हाई व्हय?"

मी उठलो. एकटाच उठलो असतो तरी झेपलं असतं. आमच्या पाचातलीच, माझ्या शेजारची सुमनकाकू म्हणाली, "मी न्हाई जात. पाण्याचं सांगू द्या." मी गेलो की चारच उरत होते, तरी भीतीनं तिचा हात धरून मीच ओढला. "चल काकू, केस व्हईल." पन्नाशीला आलेला माणूस मी. हात सोडवायला म्हातारीनं दिलेला हिसका अजून जाणवतो.

पंचायतीची मुदत संपली, निवडणूक लांबली, साहेब आले. ग्रामसभा मागितली की जमावबंदी. एक आदेश संपतो, दुसरा लागतो म्हणे. भिंतीवर चिकटवलेला मी कधी पाहिला नाही. आमच्या वस्तीला मंजूर झालेला पाइप मात्र याच काळात माजी सरपंचांच्या मळ्याकडे वळला. कुणाला विचारून? शंका यायची. मी गिळायचो.

गेल्या आठवड्यात त्याच मळ्यात हळद शिजवायला गेलो. वाफेच्या कुकरभोवती आम्ही बारा-चौदा जण. कुकरला पाणी येत होतं ते आमच्याच पाइपातून. साहेबांची गाडी बांधावर थांबली. मी सवयीनं माणसं मोजली आणि अंग चोरून बाजूला झालो.

साहेब माजी सरपंचांना म्हणाले, "माणसं कमी लावली की. अजून बोलवा." आणि गेले.

सुमनकाकू हळदीच्या ढिगाआडून म्हणाली, "काहून रे, तू उठून गेला न्हाईस? इथं तर लई झालो आपण."

बायका हसल्या. मला मान वर करता येईना. त्यांच्या मळ्यात चौदा चालतात. पंचायतीच्या दारात पाच चालत नाहीत.

तिथंच, पिवळ्या हातांनी, आम्ही ठरवलं. सोमवारी पंचायतीत जायचं. आधी आदेश दाखवा म्हणायचं. दाखवला तर खुर्च्यांवरचेही मोजा म्हणायचं.

केस होईल. आमच्यातल्याच कुणी हे आधीच साहेबांच्या कानावर घातलं असेल, हीही शंका आहे. असू दे. काकूसकट चौघं आत बसतील. पाचवा मी. आणि मी उठणार नाही.