कपाटामागचं हिरवं

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या माणसाला सगळे 'समजा' म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण ते वापरात राहिलं नाही. कारण हा गृहस्थ तोंड उघडायचा तो 'पण समजा' म्हणूनच. पण समजा गिऱ्हाइकाने उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याचा म्हणून सांगितला असेल तर? पण समजा दुकानाची किल्ली कुलपातच मोडली तर? जेवायला बसला की, पण समजा गॅस चालू राहिला असेल तर, म्हणून घास ताटात ठेवून उठायचा. मालक एकदा वैतागून म्हणाला, "अरे बाबा, एक दिवस तू काहीच समजला नाहीस तर काय बिघडेल?" तर ह्याला तीच काळजी लागली. खरंच काय काय बिघडेल?

आता असल्या माणसाच्या संसारात बायको कशी हवी? नेमकी तशीच होती. बेकरीत पाव-बिस्किटांची पाकिटं भरायची, पहाटेची पाळी. बोलणं कमी आणि बोलली की सरळ. त्यांची खोली बेकरीपासून हाकेच्या अंतरावर होती, म्हणून तिचा त्या खोलीवर जीव. उजाडायच्या आत एकटीने बसची वाट बघत उभं राहायला नको. पायात चपला सरकवल्या की कामावर. नाहीतर त्या खोलीत जीव लावण्यासारखं होतं काय? पहिला मजला, एक खोली, तिला चिकटून बाथरूम, आणि खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारच्या इमारतीची भिंत लागायची. भरदुपारी दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा जात नसे.

खाली मालकीणबाई राहायच्या. वयस्कर, एकट्या, कडक. आधीच्या भाडेकरूचं पाण्याचं पिंप फुटलं आणि बाईंच्या पलंगावर छताचे पोपडे येऊन पडले होते. बाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून त्यांची एकच अट. खोली देतानाच बोट नाचवून सांगितलं होतं, "वर पाणी साठवायचं नाही. बादलीभर ठेवा, खुशाल ठेवा. पिंप नाही, टाकी नाही. छत गेलं की भाडेकरू गेला." समजाने ते असं ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

आणि ह्याच माणसाने घरात टाकी आणली. काय म्हणावं!

झालं असं की, दुकानाच्या मागच्या गल्लीत शोभेच्या माशांचं दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्याला पोरंटोरं बुडबुडेकाका म्हणत. त्यांच्या चष्म्याची दांडी सारखी निखळायची आणि समजा ती फुकट बसवून द्यायचा. चष्मा परत द्यायला गेला की तिथल्या एका टबासमोर घुटमळायचा. टबात हिरवी झाडं पाण्याखाली हलत असायची. एके दिवशी त्याच्या ध्यानात आलं की आपण बराच वेळ इथं उभे आहोत आणि एवढ्या वेळात डोक्यात एकही 'समजा' आलेला नाही. तो दचकलाच. असं त्याला कधी झालंच नव्हतं.

काकांनी एक जुनी, कोपऱ्यात ओरखडा असलेली टाकी त्याच्यापुढे सरकवली. "ने. चष्म्याची परतफेड."

समजाने ओरखड्यावर नख फिरवलं, काच उजेडात धरली, पुन्हा नख फिरवलं. "पण समजा हा तडा असला तर?"

"काचेतलं तुला कळतं की मला?"

त्याला कळत होतं. ओरखडाच होता. तरी घरी नेईपर्यंत तो वाटेत थांबून थांबून नख फिरवत राहिला.

टाकी कपाटामागच्या कोपऱ्यात गेली, दारातून कुणाला दिसू नये म्हणून. आधीच ती खोली अंधारी, त्यात कपाटामागचा कोपरा म्हणजे काळोखाचं माहेर. बायको म्हणाली, "सांगून टाका ना मालकीणबाईंना. बाई आहेत, वाघीण नाहीत."

"पण समजा नाही म्हणाल्या तर?"

"तर नाही ठेवायची."

"पण समजा खोलीच सोडा म्हणाल्या तर?"

बायकोने कोपरापासून हात जोडले आणि कणीक मळायला घेतली.

पहिली झाडं त्याने हौसेने लाल पानांची आणली, दुकानातली सगळ्यात देखणी. पंधरवड्यात त्यांचा चोथा झाला. काका हसले, "अरे, ती उन्हाची लाडकी लेकरं. तुझ्या कोपऱ्यात कशी नांदतील?" मग त्यांनी टबाच्या तळाशी पडलेले फर्नचे तुटके तुकडे आणि मॉसचा, म्हणजे मऊ शेवाळाचा, एक गोळा कागदात बांधून दिला. म्हणाले, ह्यांना उजेड लागत नाही, खत लागत नाही, लाडही लागत नाहीत. गप्पी मासे सोड चार, त्यांची घाण हेच ह्यांचं खत.

लाड लागत नाहीत म्हटलं तरी समजा थोडाच ऐकणार! झाड म्हटलं की मातीत खोल पुरायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने फर्नचा आडवा जाड देठ वाळूत गच्च दाबला. आणि मूळ धरलं की नाही, म्हणून रोज उपटून बघायचा. देठ काळा पडून कुजला. मग म्हणे, उजेड कमी पडत असेल. टेबललॅम्प आणला, तोही दिवसभर जळत ठेवला. झाडं होती तिथंच राहिली आणि काचेवर मात्र हिरवा बुळबुळीत थर चढला. रडकुंडीला येऊन तो काकांकडे गेला.

काकांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याच्याच खिशात घातले. "हे इथं ठेवायचे. देठ पुरायचा नाही, दगडाला दोऱ्याने बांधायचा. दिवा संध्याकाळपुरता. आणि नंतर काही म्हणजे काहीही करायचं नाही. जमेल?"

हे सगळ्यात अवघड काम होतं. पण बायकोच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेऊन त्याने ते तुकडे दगडांना बांधले, आणि कामावरून आला की दिवा लावून, हात मांड्यांखाली दाबून समोर बसायला लागला. आठवडे गेले. काही झालं नाही. मग एका पानाच्या टोकावर इवलंसं दुसरं पान फुटलं. पुढे दगड दिसेनासे झाले, मॉसमध्ये गप्पींची पिल्लं लपायला लागली, आणि कपाटामागे एक गर्द हिरवा तुकडा उभा राहिला. बायको भाजी निवडता निवडता त्याच्याकडे बघायची. गॅस बघायला उठत नाही, कडी तपासायला उठत नाही. माणूस नुसता बसलाय. त्या वेळात ती भांडीसुद्धा हळू ठेवायची.

अर्थात चोराच्या मनात चांदणं. जिन्यात मालकीणबाईंची चप्पल वाजली की समजा टाकीतला हवेचा पंप बंद करायचा, दिवा विझवायचा, कपाटावर चादर सोडायचा. बाई भाडं घेऊन जाईपर्यंत दारात असा उभा राहायचा की बाईंना वाटावं, ह्याच्या पोटात दुखतंय.

एके संध्याकाळी तो जिना चढत होता. खालच्या दारातून आवाज आला, "ऐका हो. उद्या प्लंबर घेऊन वर येते. माझ्या छताला ओल आलीये."

वर धावत जाऊन तो पालथा पडला आणि टाकीखाली हात फिरवला. कोरडं. पुन्हा फिरवला. कोरडंच. पण आत झिरपत असलं तर वरून कसं कळणार? ओरखड्यावर नख फिरवलं, तर तेच नख आता कुठंतरी अडकल्यासारखं वाटलं.

"ओल कुठे आली आहे, ते विचारलंत का?" बायकोने विचारलं.

"कसं विचारू?"

"तोंडाने."

"अगं, विचारलं की संशय येईल! झाकली मूठ सव्वा लाखाची." त्याचा आवाज रडवेला झाला होता. "खोली गेली तर तुझी बेकरी? पहाटेच्या अंधारात कुठून कुठून येशील तू? माझ्या नसत्या हौसेपायी!"

बायको काही बोलायच्या आत तो कामाला लागला. गप्पी आणि झाडांचे दगड टाकीतल्याच थोड्या पाण्यासकट मोठ्या बादलीत घातले. उरलेलं पाणी तांब्यातांब्याने बाथरूममध्ये ओतलं, नळीत गुडगुड वाजू नये म्हणून अगदी हळू, एकेक तांब्या. रिकामी टाकी चादरीत गुंडाळून पलंगाखाली ढकलली. बादलीवर ताट झाकलं आणि ती बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवली. बाथरूममध्ये पाण्याची बादली, ह्याच्याइतकं निष्पाप जगात काय असणार? दोरा सुटून एक फर्न बादलीत तरंगत होता. त्याने तो उचलला आणि पुन्हा बांधत बसला. गाठ बसेना. शेवटी बायकोने बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात निरोप धाडला की बरं नाही. ते खोटं नव्हतं. बायको पाळी संपवून आली, पाठोपाठ मालकीणबाई आणि प्लंबर. बाई दारातूनच कडाडल्या, "आधी नुसती ओल होती. काल संध्याकाळी तर धार लागली हो! पातेलं लावून बसले मी."

काल संध्याकाळी! आपणच ओतलेल्या पाण्याची ती धार होती, हे समजाला कळायला क्षणभर वेळ लागला. आणि मग दुसरी गोष्ट कळली. म्हणजे टाकी गळत नव्हती. बाथरूम गळत होतं. आणि ही मंडळी खोलीकडे ढुंकूनही न बघता सरळ बाथरूमकडे निघाली होती.

प्लंबर उकिडवा बसला. जाळी काढली, आत बोट घातलं, वास घेतला. "इथलाच सांधा दिसतोय. बाई, तुम्ही खाली जाऊन बघता का? मी पाणी सोडतो." बाई जिन्याकडे वळल्या. प्लंबरने इकडेतिकडे बघितलं. "नळ कशाला, ही भरलेली आहेच की." त्याने ताट बाजूला सारलं, न बघताच बादलीची कडी धरली आणि ती जाळीच्या भोकावर कलती केली.

समजा दारात उभा होता. गप्प राहिला असता तर सगळं निभावलं असतं. सगळं नळीवाटे गेलं असतं, टाकी पुढे कधीतरी भंगारवाल्याला गेली असती, खोली राहिली असती. त्याला हे सगळं स्वच्छ दिसलं. पुढचं आधी बघण्याचाच आयुष्यभर त्याने सराव केला होता. पहिलं पाणी बादलीच्या काठावरून सांडलं.

"ओतू नका!"

तो एवढ्या मोठ्याने ओरडला की प्लंबरच्या हातून पाना पडला. "ओतू नका! जिवंत आहेत ते! ठेवा खाली!"

मालकीणबाई जिन्यातून परत आल्या. बादलीत वाकून बघितलं. गप्पी घाबरून फर्नमध्ये शिरले होते.

"हे काय आहे?"

समजाने सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कपाटामागची जागा दाखवली, पलंगाखालची टाकी ओढून दाखवली, चादरीचं नाटकही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. बोलायचा थांबला तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजला होता.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "सांधा मी दुरुस्त करून घेते, तो माझा," त्या म्हणाल्या. "पण त्या पलंगावर मी झोपते. पुन्हा काही पडलं तर मी उठून पळू शकणार नाही. टाकी ठेवायची तर खोली सोडा. खोली हवी तर टाकी आजच बाहेर."

ह्यात बाईंचं चुकलं काय? समजाला स्वतःलाही ते पटलं. त्याने मान हलवली. "टाकी आज—"

"खोली सोडतो आम्ही," बायको म्हणाली.

प्लंबरनेसुद्धा वर बघितलं.

"अगं, चार पानांसाठी?" मालकीणबाई म्हणाल्या. "तुझं काम इथून दोन पावलांवर आहे ना?"

"आहे. आणि तुमचंही बरोबर आहे, मला राग नाही." तिच्या हाताला अजून बेकरीचं पीठ होतं. "पण लग्न झाल्यापासून ह्या माणसाला मी कधी निवांत बसलेला बघितला नव्हता हो. ह्या चार पानांपुढे तो बसतो. संध्याकाळी मी त्याच्याकडे बघते आणि मला बरं वाटतं. ते मला सोडायचं नाही. खोल्या मिळतील."

मग "महिनाअखेरपर्यंत," एवढंच म्हणून बाई जिना उतरून गेल्या. प्लंबरने नळ सोडला.

समजा पलंगाच्या कडेवर बसला. त्याला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. "अगं, पहाटेची बस... एकटी... अंधारात..."

"एकटी कशाला? तुम्ही याल की सोडायला. काळजी करायचीच आहे तर बसस्टॉपवर येऊन करा." तिने हात धुतले. "उठा. महिनाभर मासे बादलीत ठेवणार आहात का?"

त्याने चादर सोडली, टाकी उचलली आणि सवयीने कपाटाकडे वळला.

"तिकडे कुठे निघालात?"

"मग कुठे ठेवू?"

"इथं ठेवा, दारासमोर," ती म्हणाली. "आता कुणाला भ्यायचं?"