निळ्या रंगाखालचा घेवडा

“मॅडम, तुमच्या नकाशात आमच्या मावशी बुडाल्यात.” पवनानगरच्या कृषी सहायकांचा फोन होता.

मी उपग्रहाच्या डेटावरून नकाशे बनवते. त्या थंडीत मावळात दहिवर गोठून भाज्या करपल्या होत्या. नुकसान झालेल्यांना पुन्हा पेरायला काकडीचं बी मिळणार होतं. पण नकाशात ज्याचं वावर लाल, त्यालाच. चंद्रामावशींचं वावर निळं होतं. निळं म्हणजे धरणाचं पाणी.

एरवी काम सरळ असतं. उपग्रह जमिनीचं रात्रीचं तापमान टिपतो. जिथे ते फार खाली गेलं आणि नंतर हिरवेपणाही उतरला, तिथे लाल. पाणी मात्र रात्री उबदार राहतं आणि शेजारचं गणित बिघडवतं. म्हणून त्यावर आधीच निळा मास्क टाकतात, म्हणजे तेवढा भाग झाकून टाकतात.

आमच्या ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं.

“तलावात शेती होत नाही. रिपोर्ट पाठवून दे.”

“एकदा बघून येते, सर.”

“बघून काय होणार? डेटा इथे आहे.”

राग आला, पण एक दिवस मागून घेतला आणि जीपने पवनानगर गाठलं.

मावशी काळ्या पडलेल्या घेवड्यात उभ्या होत्या. पाणी बरंच खाली होतं. धरण उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात इथले लोक पीक घेतात; त्याला गाळपेर म्हणतात. आमचा मास्क मात्र पावसाळा संपतानाच्या, काठोकाठ भरलेल्या धरणाचा होता. ऑफिसात वर्षानुवर्षं तोच वापरायचे.

“मावशी, आमचे साहेब म्हणतात, तलावात शेती होत नाही.”

“मंग मी उभी कशात हाय, ताई?” त्या चिडल्या. “गाळात वल हाय तवर बी द्या. भेगा पडल्यावर पोतंभर दिलं तरी काय करू?”

कडेचा गाळ वाळायला लागलाच होता. मी लगेच जीपकडे वळले.

परत येऊन त्या आठवड्याच्या चित्रावरून पाण्याची रेषा नव्याने काढली. निळा भाग आकसला आणि त्याखाली लाल पट्टा निघाला. थंड हवा जड असते; रात्री डोंगरावरून उतरून खोलगट जागी साचते. अख्ख्या नकाशातली सगळ्यात थंड जागा आम्हीच झाकून ठेवली होती.

साहेबांनी स्क्रीनवर जुनी आणि नवी रेषा ताडून पाहिली. “पाठव,” म्हणाले.

बी पोचायला जरा उशीरच झाला. वरच्या पट्ट्यात भेगा पडल्या होत्या, तिथे काहीच उगवलं नाही. पाण्याकडची काकडी मात्र लागली.

तेव्हापासून आम्ही दर नकाशाला पाण्याची ताजी रेषा काढतो. पाणी कुठवर आहे, हे उपग्रहाला आधीही दिसत होतंच. आम्ही विचारलं नव्हतं.

उन्हाळ्यात पुन्हा गेले, तेव्हा मावशींनी काकड्यांची पिशवी हातात दिली.

“सायबांना द्या. तळ्यातल्या हायत म्हणावं.”

मी तसंच सांगितलं. साहेबांनी एक काकडी उचलली आणि मीठ लावून खाल्ली.