परिटाची जागा

आमच्या खडकीच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या बाई फारशा बोलत नाहीत. बोलल्या की समोरचा माणूस आठवडाभर गप्प असतो. थंडीत मात्र नळाजवळच्या ओल्या मातीत शेपटी वरखाली करत पळणाऱ्या परिटाकडे त्या तासन्‌तास बघत बसतात. चिमणीएवढा हा पक्षी पार सायबेरियाकडून, हिमालय ओलांडून येतो.

यंदा समितीने पार्किंगसाठी त्या मातीवरही सिमेंटचे ब्लॉक बसवायचं ठरवलं. मजूर आले त्या सकाळी बाईंनी मातीत मधोमध खुर्ची टाकली आणि मटार सोलायला घेतले.

सेक्रेटरी खाली आले. "अहो, परदेशी पाहुण्यासाठी आमची जागा अडवणार आपण?"

"पाहुणा कसला? निम्मं वर्ष इथेच असतो तो," बाई मान वर न करता म्हणाल्या. "आपले चिरंजीव अमेरिकेतून आठवड्याभरासाठी येतात, तरी त्यांच्या गाडीची जागा वर्षभर राखून ठेवलेली आहेच की."

तेवढी माती सोडून ब्लॉक बसले. परिटाला पळता यावं म्हणून बाईंनी खुर्ची कडेला सरकवली आहे, पण घरात नेलेली नाही. समितीवर त्यांचा विश्वास नाही.